वेबपेजचा पहिला अभ्यासक्रम : काय शिकावे आणि कसे शिकावे



दहावी-बारावीचे निकाल लागले की मंडळाच्या कार्यालयात पालकांची एक ठरावीक विचारणा सुरू होते. मुलाला ‘वेब डिझायनिंग’ला घालावे काय, त्यात पुढे नोकरी आहे काय, आणि अमुक क्लासवाला इतकी फी सांगतो ती योग्य आहे काय? स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या विषयावर विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे काही लिहावे असे सुचविले, म्हणून हा लेख. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिक आहे, संगणक अभियंता नव्हे. तथापि अभ्यासिकेत रविवारी मुलांच्या प्रात्यक्षिक वह्या पाहता पाहता, आणि त्यांच्याबरोबर बसून शिकता शिकता, जे ध्यानात आले ते येथे मांडीत आहे.

प्रथम थोडा इतिहास. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करणारे टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये आपल्या वरिष्ठांपुढे एक प्रस्ताव ठेवला. निरनिराळ्या संगणकांवर पडलेली कागदपत्रे एकमेकांशी दुव्यांनी जोडावीत, असा तो प्रस्ताव होता. ऑगस्ट १९९१ मध्ये ही व्यवस्था बाहेरच्या लोकांना खुली झाली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केले की, हे तंत्र कोणीही विनामूल्य वापरावे. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. यांपैकी १९९३ ची तारीख मला सर्वांत मोलाची वाटते. त्या दिवशी जर फी लावण्याचा निर्णय झाला असता, तर पनवेलच्या एखाद्या चाळीतील मुलाला घरी बसून वेबपेज लिहिण्याचा सराव करता आला नसता. आज त्यासाठी साधे नोटपॅड आणि एक ब्राउझर पुरतो. परवाना नको, की कोणाची परवानगी नको.

आता हा विषय शिकावयाचा कोठे? अनेकांना माहीत नसते की, आपल्या राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत माहिती तंत्रज्ञान हा विषय कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना घेता येतो. २०१९ मध्ये आलेल्या अकरावीच्या पुस्तकात वेबपेजची मूळ बांधणी व जावास्क्रिप्टची ओळख आहे. पुढल्या वर्षी आलेल्या बारावीच्या पुस्तकात सीएसएस, फॉर्म, पुढचे जावास्क्रिप्ट आणि पीएचपी आहे. म्हणजे इतिहास-मराठी घेणाऱ्या मुलीलाही हे दार बंद नाही. पदवीला मुंबई विद्यापीठाच्या माहिती तंत्रज्ञान व संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत हा विषय येतो. केंद्र सरकारच्या नाइलिट संस्थेच्या ‘ओ लेव्हल’ परीक्षेत तर वेब डिझायनिंगची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाच आहे. एमएससीआयटी मात्र वेगळी. २००१ पासून चालत आलेल्या त्या अभ्यासक्रमात संगणक वापरण्यास शिकवितात. वेबपेज घडविणे हा त्याचा मुख्य हेतू नव्हे. पालक येथे हमखास गल्लत करतात.

पहिला पाठ : पान कसे दिसते

आपण मोबाईलवर एखादे पान उघडतो तेव्हा प्रत्यक्षात काय घडते? आपला ब्राउझर दूरच्या एका संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, विनंती पाठवितो. सर्व्हर उत्तरादाखल मजकूर पाठवितो. तयार चित्र नव्हे, मजकूर. त्या मजकुरातच सूचना असतात की, हे शीर्षक, हा परिच्छेद, येथे अमुक फोटो. त्या सूचना वाचून ब्राउझर आपल्या पडद्यावर पान रेखाटतो. म्हणून तेच पान मोबाईलवर वेगळे आणि मोठ्या संगणकावर वेगळे दिसते. ही एक गोष्ट नीट समजली तर पुढील निम्मा अभ्यासक्रम सोपा जातो. वह्यांमध्ये हीच गोष्ट नसते, याचे नवल वाटते.

या सूचनांची भाषा म्हणजे एचटीएमएल. तिच्यातील ‘टॅग’ म्हणजे केवळ खूण होय. शब्दांच्या आधी टोकदार कंसात खुणेचे नाव लिहावयाचे आणि शब्द संपल्यावर तेच नाव तिरकी रेघ घालून पुन्हा लिहावयाचे. सरावासाठी आपल्या जवळचाच विषय घ्या. कर्नाळा पक्षी अभयारण्य पनवेलपासून साधारण बारा किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत आहे. त्यावर एक पान करा. ‘कर्नाळा पक्षी अभयारण्य’ या शब्दांना एच-वन ही खूण, म्हणजे मुख्य शीर्षक. माहितीच्या प्रत्येक परिच्छेदाला पी ही खूण. ‘कसे जावे’ याला एच-टू, म्हणजे उपशीर्षक. पक्ष्यांच्या नावांची यादी, एसटीच्या वेळांचा तक्ता आणि किल्ल्याच्या सुळक्याचा एक फोटो. एवढ्यात पहिल्या सत्रातील बहुतेक खुणा हाताखालून जातात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एच-वन ही खूण ‘अक्षर मोठे करा’ असे सांगत नाही, ती ‘हे या पानाचे मुख्य शीर्षक आहे’ असे सांगते. अक्षर किती मोठे, कोणत्या रंगाचे, हे सांगण्याचे काम सीएसएसचे. १९९० च्या दशकात हे दोन्ही एकाच ठिकाणी कालविले जाई. अक्षराचा रंग, मजकूर मध्यभागी घेणे, सरकती पाटी, सगळे टॅगमध्येच असे. हॉकोन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये रूप वेगळे काढण्याची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली प्रमाण आवृत्ती आली. रंगाचा ‘फॉन्ट’ टॅग आणि मजकूर मध्यभागी घेणारा ‘सेंटर’ टॅग १९९९ च्या एचटीएमएल आवृत्तीत आधीच नको ठरविले होते. २०१४ मध्ये प्रमाण झालेल्या एचटीएमएल-पाचमध्ये तर ते बाद आहेत. तरीही काही खासगी क्लासच्या वह्यांत ते आजही पहिल्या धड्यात आढळतात. एखाद्या क्लासची फी भरण्यापूर्वी त्यांची वही उघडून पाहावी. पहिल्या दहा पानांत सरकती पाटी असेल तर ती वही फार जुनी आहे असे खुशाल समजावे.

अर्थाची खूण आणि रूपाची सूचना वेगळी ठेवण्याचा फायदा कोणाला? जे डोळ्यांनी पाहू शकत नाहीत त्यांना. अंध व्यक्तीच्या मोबाईलमधील वाचक-प्रणाली पान मोठ्याने वाचते. ती शीर्षकाच्या खुणा शोधून एका भागावरून दुसऱ्या भागावर उडी मारते. नुसते अक्षर मोठे केले तर तिला ते शीर्षक आहे हे कळत नाही. फोटोला ‘ऑल्ट’ मजकूर दिला नसेल तर तिला फोटोत काय आहे ते सांगता येत नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आम्लहल्ल्यातील पीडित व दृष्टिहीन व्यक्तींच्या ई-केवायसीसंबंधीच्या प्रकरणात निकाल देताना, डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. परीक्षेत ऑल्ट या शब्दाला अर्धा गुण असेल-नसेल, पण कोणाचे तरी बँक खाते त्यावर अडते, हे मी काउंटरच्या अलीकडे बसून सांगू शकतो.

प्रात्यक्षिकात हमखास अडणाऱ्या जागा

घरच्या संगणकावर फोटो दिसतो आणि पान सर्व्हरवर चढविल्यावर दिसत नाही, ही सर्वांची तक्रार. याची कारणे बहुधा दोन. एक तर फोटोचा पत्ता आपल्या संगणकाच्या ‘सी ड्राइव्ह’पासून लिहिलेला असतो, आणि तो ड्राइव्ह दुसऱ्याच्या संगणकावर कोठून असणार? दुसरे म्हणजे, रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांचा भेद. विंडोजमध्ये फाइलचे नाव मोठ्या अक्षरात लिहिले काय नि लहान अक्षरात लिहिले काय, चालून जाते. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरला ती दोन वेगळी नावे वाटतात. यावर उपाय सोपा आहे. सर्व नावे लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावीत आणि फोटो पानाच्या शेजारच्या फोल्डरमध्येच ठेवावा.

दुसरी तक्रार, मोबाईलवर सगळे मुंगीएवढे दिसते. पानाच्या शिरोभागात ‘व्ह्यूपोर्ट’ची ओळ नसली की मोबाईल असे धरून चालतो की, हे पान मोठ्या पडद्यासाठी, सुमारे ९८० पिक्सेल रुंदीचे, लिहिले आहे. मग तो सगळे पान आखडून दाखवितो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मोबाईल हाच एकमेव संगणक आहे. म्हणून माझ्या मते ही ओळ पहिल्या दिवशी शिकवावयास हवी.

मराठी पानाचा पाठ

हा भाग पाठ्यपुस्तकांत जवळजवळ नसतो, म्हणून येथे सविस्तर लिहितो. जुन्या काळी छापखान्यांत आणि कार्यालयांत मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरच्या खास फॉन्टमध्ये टाइप होत असे. त्यांपैकी बहुतेकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले होते. माणसाला ‘क’ दिसे, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते रोमनमधलेच एखादे अक्षर किंवा चिन्ह असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की गिचमिड दिसते. असा मजकूर इंटरनेटवर शोधूनही सापडत नाही, कारण शोधयंत्राला तो मराठी आहे हे समजतच नाही. अनेक संस्थांच्या जुन्या स्मरणिकांच्या फाइली अशाच अवस्थेत आहेत. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेच लागतात.

युनिकोडमध्ये जगातील बहुतेक प्रचलित लिपींच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे आणि तिची मांडणी आपल्या देशातील इस्की या प्रमाणावर आधारलेली आहे. देवनागरीच्या मूळ गटाला २३०४ ते २४३१ अशी १२८ घरे दिलेली आहेत. ‘पनवेल’ हा शब्द घ्या. प म्हणजे २३४६, न म्हणजे २३४४, व म्हणजे २३५७, त्यावरची मात्रा २३७५ आणि ल म्हणजे २३५४. आपल्याला अक्षरे चार दिसतात, संगणक पाच मोजतो, कारण मात्रा त्याला वेगळी वाटते. साठविताना यूटीएफ-आठ पद्धतीत प्रत्येक क्रमांकाला तीन बाइट लागतात, म्हणजे ‘पनवेल’ला पंधरा. नावाच्या रकान्यात ‘वीस अक्षरांपर्यंत’ अशी मर्यादा घालणाऱ्याने हे विचारात घेतले नाही, तर मराठी नाव मध्येच कापले जाते.

पानाच्या सुरुवातीस ‘हे यूटीएफ-आठ आहे’ असे सांगणारी ओळ लिहावी. ती नसेल आणि ब्राउझरचा अंदाज चुकला, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ ओळीने पुन्हा पुन्हा दिसू लागतो. असे दिसले की फाइल बिघडली म्हणून घाबरू नये, ओळख सांगावयाची राहिली आहे एवढेच. त्याचप्रमाणे पानाची भाषा मराठी, म्हणजे ‘एमआर’, अशी नोंदवावी. मराठीतील ल आणि श यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि भाषा कळली तरच मराठी वळण पुढे येते. वाचक-प्रणालीलाही त्यावरून मराठी उच्चार निवडता येतात.

टाइप करण्यासाठी इनस्क्रिप्ट शिकावे. सुरुवातीस आठ-दहा दिवस बोटे अडखळतात, पण पुढे जन्मभर सोय होते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. कर्नाळ्याच्या पानावर दुसरा शब्द हवा असेल तर नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य असे टाइप करावे. नाही तर डोंगरात समुद्र येईल. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी घडविलेला ‘मुक्ता’, अथवा गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ असे चांगले फॉन्ट मोफत मिळतात. ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ असा देवनागरी पत्ताही घेता येतो.

फॉर्म, आणि पत्ता वाचण्याची कला

अभ्यासक्रमातील फॉर्मचा धडा मुलांना कंटाळवाणा वाटतो. परंतु शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज भरलेल्या प्रत्येकाने तो धडा आधीच भोगलेला आहे! फोटो का चढत नाही, अर्धा अर्ज भरल्यावर पुन्हा लॉगिन का मागते, तांबडी सूचना कोठून येते, या सर्वांची उत्तरे या धड्यात आहेत. तांबडी सूचना बहुधा जावास्क्रिप्ट देते. ही भाषा १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी पहिल्यांदा अवघ्या दहा दिवसांत उभी केली. मोबाईल क्रमांकात नऊच अंक असले तर ती तेथल्या तेथे अडविते. पण एवढ्यावर विसंबून चालत नाही, कारण जाणकार माणूस आपल्या ब्राउझरमधील ही तपासणी बंद करू शकतो. म्हणून सर्व्हरवर पुन्हा तपासावे लागते. बँकेत लिपिक स्लिप पाहतो आणि अधिकारी ती पास करतो, एकाच्या सहीने रक्कम हलत नाही. तसेच हे आहे. आणि फॉर्म पाठविताना ‘गेट’ पद्धत वापरली तर भरलेली माहिती पत्त्याच्या पट्टीत उघडी दिसते, हे लक्षात घेऊन पासवर्डसाठी ‘पोस्ट’ पद्धतच वापरावी.

पत्त्याविषयी जरा थांबून सांगावेसे वाटते. आमच्या शाखेत बनावट पानावर ‘केवायसी’ भरून फसलेले ग्राहक येतात. त्यांत शिकलेली माणसे असतात, पेन्शनर असतात. पान हुबेहूब असते, कारण एखाद्या पानाचा मजकूर आणि चित्रे उतरवून घेणे ही पहिल्या सत्रातील विद्यार्थ्यालाही जमणारी गोष्ट आहे. नक्कल होत नाही ती पत्त्याची. पत्ता सुरू झाल्यानंतर पहिली एकेरी तिरकी रेघ जेथे येते तेथपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा. मालक उजव्या टोकाला असतो. डाव्या बाजूला बँकेचे नाव कोणीही लिहू शकतो. याच कारणासाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जाण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे पान प्रामाणिक आहे असा समज आहे, तो काढून टाकावा. मधल्या वाटेत कोणी वाचणार नाही, एवढेच ते चिन्ह सांगते. समोर चोर बसला असेल तर त्याच्याशीही तुमचे बोलणे तितकेच गुप्त राहते. ही एक गोष्ट जरी विद्यार्थ्याने घरी जाऊन आई-वडिलांना समजावून दिली, तरी कॉलेजची फी वसूल झाली असे मी म्हणेन.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून मुलांचा एक प्रश्न असतो : सगळे पान यंत्रच लिहून देत असेल तर आम्ही कशाला शिकावे? प्रश्न रास्त आहे. केवळ साधी पाने करून देण्याचे काम पुढे पुरेसे मिळेल असे मला वाटत नाही आणि तसे आश्वासन देऊन फी घेणाऱ्यांपासून पालकांनी सावध राहावे. परंतु यंत्राने दिलेल्या पानात ऑल्ट मजकूर आहे काय, फॉर्म काय नि कोठे पाठवितो, मराठी नीट आले काय, हे पाहणारा माणूस लागतोच. यंत्राकडून जरूर लिहून घ्यावे, मात्र नंतर एकेका ओळीवर बोट ठेवून ती काढली तर काय होईल हे आधी सांगावे, मग ती काढून पाहावी. तोंडी परीक्षेत परीक्षक नेमके हेच विचारतो. वर्गातल्या एकाची जर्नल तिसांनी उतरविण्याची जुनी चाल यंत्र येण्याच्या फार आधीची आहे आणि तिच्यातून कोणी काही शिकल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

ज्यांना क्लास परवडत नाही त्यांनी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे पाठ पाहावेत. त्यात अनेक विषय मराठीतून ऐकता येतात. इंग्रजी वाचण्याची तयारी असेल तर मोझिलाचा ‘एमडीएन’ हा संदर्भ मोफत आणि विश्वासार्ह आहे. घरी संगणक नसल्यास अभ्यासिकेतील संगणकावर पाळी लावून बसता येते. मोबाईलवरही खुणा लिहून पान पाहता येते. फक्त टोकदार कंस शोधण्यात वेळ जातो.

यंदा काही विद्यार्थी आपल्या मंडळाचेच पान सराव म्हणून करणार आहेत, हे चांगले आहे. गिटहब पेजेससारख्या ठिकाणी ते विनामूल्य ठेवता येईल. जुन्या स्मरणिकांतील लेखांची सूची, अभ्यासिकेच्या वेळा, शिष्यवृत्तीच्या अर्जांची माहिती एवढे त्यात असावे. सभासदांच्या यादीतील मोबाईल क्रमांक, घरचे पत्ते, वर्गणीच्या नोंदी आणि गुणगौरव झालेल्या मुलांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय चढवू नयेत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संमती हा मुख्य आधार आहे आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत ती पालकांकडून घ्यावी लागते. संमतीचा एक साधा छापील नमुना करून तो वर्गणीच्या पावतीबरोबरच भरून घ्यावा, म्हणजे घरोघर पुन्हा हेलपाटा पडणार नाही.